अस्सल बरहुकूम नक्कल

ज्या डेस्कटॉप संगणकात माझे सात वर्षांचे लेखन, घराचे हिशेब आणि एका अपुऱ्या राहिलेल्या चरित्रग्रंथाची टिपणे सुखाने नांदत होती, त्याचा प्राण मी स्वहस्ते, सद्हेतूने आणि सूचनापत्रक अर्धेच वाचून घेतला, हे आरंभीच कबूल केलेले बरे. भाच्याने आपल्या यंत्रातून उतरवलेला, माझ्या प्रोसेसरहून दोन पिढ्यांनी धाकटा असा एक प्रोसेसर मला दिला होता. माझ्या मदरबोर्डाची एएम४ नावाची बैठक त्याला चालणारी होती. परंतु त्या बैठकीला हा नवा पाहुणा ओळखता यावा म्हणून आधी बोर्डाचे बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताच सर्वांआधी चालणारी जी आज्ञावली बोर्डावरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असते ती, बदलणे अवश्य होते. मी कंपनीने दिलेली फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, सेटअपमध्ये शिरलो, मध्येच वीज बंद करू नये या तांबड्या अक्षरांतील आज्ञेकडे, ती दुसऱ्या कोणासाठी लिहिलेली असावी अशा समजुतीने, एक कटाक्ष टाकला आणि बटण दाबले. जुने पुसून झाले, नवे लिहिणे सुरू झाले, पट्टी एक तृतीयांश भरली, आणि खोलीतील पंखा, दिवा व संगणकाचा पडदा हे तिघेही एकदमच स्तब्ध झाले. तो गुरुवार होता. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असते. मला ते निदान तीस वर्षे ठाऊक आहे. यूपीएसची बॅटरी बदलण्याचे काम दोन वर्षे उद्यावर ढकलले होते. तिने एक क्षीण चीत्कार केला आणि धन्याच्या आधी मान टाकली.

वीज आली तेव्हा यंत्रातले पंखे फिरले, पुढचा दिवा लागला, पण पडदा काळाठिक्कर तो तसाच, आणि कीबोर्डावरचा एवढासा दिवाही उजळेना. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मी काढून घातला, रॅमच्या पट्ट्या उपसून पुन्हा रोवल्या, आणि जवळच्या एका दुकानदाराकडे यंत्र नेले तेव्हा त्याने झाकण न उघडताच ‘बोर्ड गेला, नवा टाका’ असा एकतर्फी निकाल दिला. त्या निकालावरचे अपील चालले ते रविवारी सकाळी, माझ्या बाहेरच्या खोलीत.

अपिलात दोन पक्ष होते. अण्णा हे महसूल खात्यात चौतीस वर्षे घालवून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. जगातील कोणतीही घटना दप्तरात कशी नोंदवली गेली असेल यावरून ते तिचा खरेखोटेपणा ठरवतात. मास्तर हे तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवीत असत. अजूनही त्यांच्या पिशवीत डाग देण्याची कांडी, भिंग आणि स्पिरिटची बाटली या तीन वस्तू असतातच. दोघे एकमेकांचे पन्नास वर्षांचे स्नेही असून त्यांचे कोणत्याही विषयावर एकमत झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

“चालत्या गाड्याला खीळ घालण्याची हौस तुम्हाला या वयात कोठून आली?” चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वीच अण्णांनी फिर्याद दाखल केली. “यंत्र चालत होते, तक्रार कोणाची नव्हती. ना अर्ज, ना विनंती. आणि आपण होऊन जुने प्रकरण उघडलेत!”

मी काही बोलण्यापूर्वीच मास्तरांनी माझे वकीलपत्र घेतले. “अण्णा, चालत होते म्हणून चालतच राहिले असते, हे अनुमान यंत्राच्या बाबतीत फार भाबडे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील कित्येक डेस्कटॉप प्रोसेसर वरून धडधाकट दिसत असताना, जरुरीपेक्षा अधिक व्होल्टेज मागून मागून आतल्या आत झिजत होते. २०२४ च्या ऑगस्टात त्यावर उतारा निघाला, आणि तो लोकांच्या यंत्रांत पोहोचला तो याच बायोसच्या वाटेने. ज्यांनी तुमच्यासारखे ‘चालते आहे ना’ म्हटले, त्यांची झीज पुढे चालू राहिली. आणि झालेली झीज तर त्या उताऱ्यानेही भरून निघणारी नव्हती.”

“उतारा आमच्या खात्यातही असतो, मास्तर, पण तो देण्यासाठी आम्ही मूळ रजिस्टर जाळीत नाही.”

हे वाक्य अण्णांनी सहज टाकले असले, तरी पुढचे तीन तास सर्व वाद याच्याच भोवती फिरत राहिला, म्हणून ते येथे नोंदवून ठेवतो.

मास्तर यंत्र उघडू लागले होते. त्यांनी विजेची दोरी काढली, सुरू करण्याचे बटण दाबून आत साठलेला विद्युद्भार निचरू दिला, तो नाण्याएवढा सेल काढून बशीत ठेवला, आणि बोलणे खंडित न करता बोर्डावर भिंग फिरवीत म्हणाले, “शिवाय हे पाहा, की ही बैठक २०१७ सालची. तिच्यावर २०१९ चे प्रोसेसर बसले, २०२० च्या अखेरीचे बसले. बोर्ड न बदलता इतकी वर्षे नवा मेंदू बसवता येतो, हे जुन्या काळी स्वप्नातही शक्य नव्हते. आणि ते शक्य झाले ते केवळ ही चिप पुन्हा लिहिता येते म्हणून. एवढे मात्र कबूल करतो, की या चिपेत जागा सोळा मेगाबाइटांची. नव्यांची नावे चढवता चढवता ती भरली, आणि काही बोर्डांच्या नव्या आवृत्त्यांतून अगदी जुन्या प्रोसेसरांची नावे गाळावी लागली.”

“गाळली? नोटीस न काढता?”

“सूचनापत्रकात एक ओळ असते.”

“ती यांनी वाचलेली नसणार.” अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मी बशीतल्या सेलकडे पाहिले.

“आणि दुसरी एक गंमत ऐका,” मास्तर म्हणाले. “नवा प्रोसेसर आणि जुने बायोस असलेला बोर्ड घेऊन ज्याने कोरे यंत्र बांधले, त्याने काय करावे? बायोस बदलायला यंत्र सुरू व्हायला हवे, आणि यंत्र सुरू व्हायला बायोस आधीच बदललेले हवे. तेव्हा प्रोसेसर बनवणारी एएमडी कंपनी अशा गिऱ्हाइकांना एक जुना प्रोसेसर तात्पुरता उसना धाडीत असे. काम झाले की परत करायचा.”

अण्णा मनापासून हसले. “म्हणजे वारसाचे नाव लावायचे तर मयताने समक्ष हजर राहावे!”

एवढ्यात मास्तरांना हवी ती चिप सापडली: आठ पायांची, करंगळीच्या नखाहून लहान. यंत्राची शुद्ध जाते म्हणजे काय, हे मला त्या क्षणापर्यंत नीट उमगले नव्हते. विजेचा प्रवाह मिळाला की प्रोसेसर स्वतःच्या बुद्धीने काहीच करीत नाही. तो एका ठरलेल्या पत्त्यावर, चार गिगाबाइटांच्या सीमेपासून सोळा बाइट अलीकडे, जाऊन पहिला हुकूम वाचतो, आणि तो पत्ता या चिपकडे नेतो. त्यातही अलीकडच्या यंत्रांत मुख्य प्रोसेसर जागा होण्यापूर्वी एक छोटा पहारेकरी प्रोसेसर जागा होतो आणि तोही आपला हुकूमनामा येथूनच घेतो. तेथे हुकुमाऐवजी कोरा कागद असला, तर पंखे फिरत राहतात, कारण पंख्यांना हुकूम लागत नाही. बाकी सर्व दरबार तिष्ठत उभा. माझी टिपणे मात्र डिस्कवर सुरक्षित होती, हे मास्तरांनी तीन वेळा सांगितले तेव्हा मला पटले.

भिंगाखाली चिपेच्या पाठीवरचा क्रमांक वाचून मास्तर थबकले. “ही १.८ व्होल्टची आहे. पुष्कळशा चिपा ३.३ व्होल्टच्या असतात, आणि माझ्या पिशवीतला हा प्रोग्रामर त्यांच्यासाठीच बनलेला. तसाच जोडला असता, तर त्या दुकानदाराचा निकाल माझ्या हातून कायम झाला असता.” त्यांनी व्होल्टेज उतरवणारा एक छोटा अडॅप्टर मध्ये बसवला, चिपेच्या कोपऱ्यातल्या टिंबाशी चिमट्याची लाल तार जुळवली, आणि आठ पायांवर तो चिमटा, एखाद्या कीटकाला धरावे तसा, अलगद दाबला. प्रोग्रामर हे नाव भारदस्त, वस्तू मात्र काही शे रुपयांची, काडेपेटीहून लहान. त्याचे दुसरे टोक त्यांच्या लॅपटॉपात गेले. लॅपटॉपवर लिनक्स होते आणि फ्लॅशरॉम नावाची आज्ञावली.

“आधी काय लिहिणार?” अण्णांनी विचारले.

“आधी लिहायचे काहीच नाही. आधी वाचायचे. जे काही मोडकेतोडके शिल्लक असेल ते उतरवून घ्यायचे, आणि दोनदा.”

अण्णांच्या मुद्रेवर त्या सकाळी प्रथमच पसंतीची छटा उमटली. पहिली आणि दुसरी प्रत ताडून पाहता जुळेनात. मास्तरांनी चिमटा काढला, चिपेचे पाय स्पिरिटने पुसले, चिमटा पुन्हा बसवला. तिसरी आणि चौथी प्रत बाइटाला बाइट जुळली. आत पाहिले, तर आरंभीचा भाग नव्या मजकुराचा आणि त्यापुढे नुसती एफएफ, एफएफ अशी अक्षरे, पानांमागून पाने.

“हे काय?”

“कोरी जमीन. नुसती पुसलेली.”

“म्हणजे मी म्हणत होतो तेच!” अण्णा खुर्चीवरून पुढे सरकले. “अहो, आमचा गावचा तलाठी वर्गणी मागून चहा पीत असेल, पण फेरफार करताना तो आधी फेरफाराच्या नोंदवहीत नोंद धरी, हितसंबंधीयांना नोटीस देई, हरकतीची मुदत जाऊ देई, मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करी, आणि मग कोठे सातबारावर नवे नाव चढे. आणि जुने नाव? ते खोडीत नसत. त्याला कंस करीत. पन्नास वर्षांनी वाचले तरी कंसातले नाव वाचता येई. तुमचे हे यंत्र काय करते? जुने दप्तर आधी भस्मसात, आणि मग राखेवर बसून नवे लिहायला सुरुवात. त्यात दिवा गेला की सबंध गाव बेवारस. ही पद्धत ज्याने ठरवली त्याला मी एक दिवसही रेकॉर्ड रूममध्ये ठेवला नसता.”

“ती कोणी ठरवलेली नाही, ती त्या पदार्थाची प्रकृती आहे,” मास्तर शांतपणे म्हणाले. “फ्लॅश स्मृतीत लिहिणे म्हणजे एकाचे शून्य करणे. शून्याचे पुन्हा एक करायचे, तर एखादे अक्षर पुसता येत नाही. सबंध खंड, निदान चार किलोबाइटांचा, एकदम पुसावा लागतो. पुसल्यावाचून लिहिणेच नाही. १९८४ साली तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती जगापुढे मांडली, तेव्हा तिला फ्लॅश हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवले ते याच एकदम पुसले जाण्यावरून. त्याला कॅमेऱ्याच्या लखकन उडणाऱ्या दिव्याची आठवण झाली. त्याआधीच्या चिपा, मी शिकवायला लागलो तेव्हाच्या, पाठीवर काचेची खिडकी असलेल्या. त्या पुसायच्या म्हणजे पेटीत घालून वीस मिनिटे अतिनील दिव्याखाली ठेवायच्या, आणि एरवी उजेड लागू नये म्हणून खिडकीवर कागद चिकटवायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीत सबंध बायोस आठ किलोबाइटांचे होते, आणि ते तर पुसताच येत नसे. बदलायचे म्हणजे चिपच बदलायची.”

“आणि ती यंत्रे गुरुवारी मरत नसत.”

“मरत नसत, पण सुधारतही नसत.”

येथे थोडे थांबून मास्तरांनी जो वृत्तान्त सांगितला तो वस्तुतः त्यांच्या विरुद्ध पक्षाला बळ देणारा होता. परंतु सांगण्याचा मोह त्यांना आवरला नाही, आणि मलाही आवरत नाही. १९९९ च्या २६ एप्रिलला, चेर्नोबिलच्या अपघाताच्या तारखेस, सीआयएच नावाचा एक विषाणू जगभरच्या संगणकांत एकाच दिवशी जागा झाला. तैवानमधील चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने तो लिहिला होता. डिस्कचा आरंभीचा भाग तर तो उद्ध्वस्त करीच, पण ज्या बोर्डांवर शक्य होई त्यांवर तो बायोसच्या चिपेतही कचरा लिही. मास्तरांच्या प्रयोगशाळेतील चार यंत्रे त्या दिवशी अशीच निपचित पडली. त्या काळी चिपा खोबणीत बसवलेल्या असत. मास्तरांनी त्याच जातीचे एक जिवंत यंत्र सुरू केले, आणि ते चालू असताना, आज्ञावलीची नक्कल रॅममध्ये उतरलेली असल्याने त्याला तूर्त चिपेची गरज नाही या हिशेबावर, त्याची चिप उपटून तेथे मेलेली चिप खोचली, आणि त्या जिवंत यंत्राकडूनच तिच्यावर नवे बायोस लिहवून घेतले. चारही यंत्रे संध्याकाळपर्यंत उठली.

“चालू यंत्रातून?” अण्णांनी चष्मा काढला.

“चालू यंत्रातून. दोऱ्याने बांधून. हात थरथरला असता तर पाचवे गेले असते.”

“मास्तर, तुम्ही शूर आहात, याबद्दल वाद नाही. वाद असा आहे, की बिचाऱ्या खातेदाराने शूर का असावे? तुमच्या या सर्व कथेत एक जिवंत नमुना शेजारी होता म्हणून मेलेले उठले. त्याच बोर्डावर दुसरी चिप ठेवायला काय हरकत होती?”

“ठेवतात. काही बोर्डांवर दोन चिपा असतात. एक बिघडली की दुसरी उभी राहते. काहींच्या पाठीवर एक बटण असते. फाइलला ठरावीक नाव देऊन पेनड्राइव्ह ठरलेल्या खोबणीत घातली, की प्रोसेसर नसला, रॅम नसली, तरी बोर्डावरचा एक छोटा नियंत्रक चिप पुन्हा लिहून देतो. जुन्या बोर्डांत बूट ब्लॉक म्हणून एक लहान तुकडा राखून ठेवलेला असे. बाकी सर्व गेले तरी तो फ्लॉपीवरून नवे बायोस वाचू शके. उपाय नाहीत असे नाही, अण्णा. यांनी स्वस्तातला बोर्ड घेतला, त्यावर यातले काही नव्हते.”

“पाहा! म्हणजे नक्कल ठेवण्याची युक्ती ठाऊक आहे, जागा आहे, चिपही महाग नाही. पण ती श्रीमंतांच्या बोर्डावर. तलाठी दप्तराची दुसरी प्रत फक्त बागायतदारांची ठेवतो, जिरायतवाल्यांची ठेवीत नाही, असे ऐकले असते तर मी त्याला निलंबित केले असते.”

“आणि जिरायतवाल्याने गुरुवारी, मेलेल्या बॅटरीवर, नोटीस न वाचता स्वतःच रजिस्टर पेटवले असते तर?”

“तर त्यालाही नोटीस काढली असती,” अण्णा म्हणाले. “पण गाव बेवारस होऊ दिले नसते.”

माझा निवाडा कोणी विचारला नाही. तथापि ज्याचे यंत्र त्याला मत असावे, म्हणून सांगतो. दोष माझा होता यात शंका नाही, आणि मास्तरांच्या हातांवाचून तो निस्तरला नसता. पण वादात मी अण्णांच्या बाजूचा आहे. माणूस चुकणारच हे गृहीत धरून ज्यांनी आपली दप्तरे बांधली त्या कारकुनांची, ज्यांच्या शाईवर आणि आळसावर आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो त्यांची, शहाणीव चिपा घडवणाऱ्यांनी थोडीशी उसनी घ्यायला हरकत नव्हती.

दरम्यान मास्तरांनी कंपनीची फाइल तपासली. पुष्कळदा तिच्यावर एक वेष्टन असते. ते सोलून आतला मजकूर बरोबर १,६७,७७,२१६ बाइटांचा, म्हणजे चिपेच्या मापाचा, निघतो की नाही हे पाहावे लागते. तसा तो निघाला. फाटकी प्रत त्यांनी फेकली नाही, कारण यंत्राचा अनुक्रमांक, क्वचित नेटवर्कचा पत्ताही अशा चिपेतच लिहिलेला असतो आणि कोऱ्या फाइलीत तो नसतो. मग पुसणे, लिहिणे, पडताळणे. लिहिणे सुरू झाले तेव्हा अण्णांनी हलकेच विचारले, “आज वार कोणता?” मास्तरांनी लॅपटॉपच्या बॅटरीकडे बोट दाखवले. काही मिनिटे आम्ही तिघेही बोललो नाही.

चिमटा निघाला, वीज जोडली, बटण दाबले. पंखे फिरले, थांबले, पुन्हा फिरले, आणि पडदा उजळला. मी उठून उभा राहिलो. परंतु पडद्यावर प्रश्न होता: सुरक्षेची जुनी किल्ली सापडत नाही, ती नव्याने घडवू काय? डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिच्या पुनर्प्राप्तीच्या किल्लीवाचून ती उघडणार नाही. मास्तरांनी माझा हात बटणापासून दूर धरला. “डिस्कला कुलूप लावले आहे का? आठवून सांगा.” लावलेले नव्हते.

“म्हणजे दाव्याचा निकाल लागला तरी ताबा मिळेलच असे नाही,” अण्णा म्हणाले. “हे मात्र अगदी आमच्यासारखे आहे.”

ताबा मिळाला. टिपणे जागच्या जागी होती. मास्तरांनी चिप पुन्हा एकदा वाचून घेतली, आणि फाटकी व धड अशा दोन्ही प्रती एका पेनड्राइव्हवर उतरवून ती मला दिली. अण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, एक खाकी लिफाफा मागवला, तिला आत घालून तो डिंकाने बंद केला, आणि वर आपल्या वळणदार अक्षरांत ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असे लिहून मला खाली सही करायला लावली. “तारीख?” त्यांनी विचारले. मी सवयीने समोरच्या सेटअपच्या पडद्यावर पाहून सांगितली, आणि त्यांनी ती लिहिली. यंत्राचा सेल अद्याप बशीतच होता. पडद्यावर १ जानेवारी २०१८ ही तारीख होती.

तो लिफाफा आज आमच्या घराच्या खरेदीखताबरोबर लोखंडी कपाटात आहे. चुकीची तारीख अण्णांनी खोडलेली नाही. तिला कंस केला आहे आणि शेजारी खरी लिहिली आहे.